पिंपळखुटे सरांचा फ्रेजचा वर्ग

दिग्रसमध्ये मास्तर रिटायर झाला की त्याला बीपी होतो नाही तर अध्यात्म होतं, असं वामनराव पिंपळखुटे नेहमी म्हणत. त्यांना स्वतःला तिसरंच काहीतरी झालं. त्यांना फ्रेज शिकवायची हुक्की आली.

वामनरावांनी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलं होतं, आणि जन्मभर शिकवून त्यांचं एक मत झालं होतं. मुलांचं इंग्रजी बिघडतं ते स्पेलिंगमुळे नाही, टेन्समुळे नाही, मोबाइलमुळे तर मुळीच नाही. ते बिघडतं फ्रेज ओळखता येत नाही म्हणून. फ्रेज म्हणजे शब्दांचा असा घोळका, की ज्याला काहीतरी अर्थ आहे, पण कर्ता-क्रियापदाची जोडी नाही. तो एकटा उभा राहू शकत नाही, त्याला वाक्यात कुठंतरी जागा मिळावी लागते. तो नामाचं काम करत असेल तर नाउन फ्रेज, विशेषणाचं करत असेल तर ॲडजेक्टिव्ह फ्रेज, आणि कुठं, केव्हा, कसं ते सांगत असेल तर ॲडव्हर्ब फ्रेज. एवढं साधं आहे, पण बापजन्मी कोणाला कळत नाही, असं म्हणून सर कपाळाला हात लावत. दहावीच्या पोरांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत आपल्या घरच्या बैठकीत फ्रेजचा वर्ग घ्यायचा, तोही फुकट, असं त्यांनी चैत्रात ठरवलं.

आता खरं काय ते सांगून टाकतो, कारण वामनराव ते मेले तरी सांगणार नाहीत. पौषात रत्नप्रभाबाई गेल्या. त्या होत्या तोवर त्यांच्या गेटची कडी दिवसभर वाजत असे. सकाळी कोणी विरजण मागायला, दुपारी कोणी लेकीचं दुखणं सांगायला, संध्याकाळी कोणी उगाच. वामनराव बैठकीत पेपर धरून बसलेले असत, आणि आलेल्या माणसाला पेपरावरून बघून "बसा" म्हणत. माणूस दोन मिनिटं टेके आणि मग आत जाई. एवढ्या वर्षांत सरांची अशी पक्की समजूत झाली होती, की माणसं येतात ती सरांकडे, आणि जाता जाता बाईंशीही बोलतात. तेराव्यानंतर गेट जे गप्प झालं ते झालं. दारापुढं फक्त त्यांच्या एकट्याच्या चपला. घरात माणसं यावीत, आणि ती आपल्यासाठी यावीत, एवढंच त्यांना हवं होतं. पण असं कोणी तोंडानं म्हणतं का? मग ते म्हणत, पोरांचं इंग्रजी वाया चाललंय.

त्यातून मुलगी, आभा, नागपूरहून रोज फोन करी. बाबा, एकटे काय करता, इकडं या कायमचे. होळीला आणि पुन्हा पाडव्याला ती येऊन त्यांना घेऊनही गेली होती. तिथं आठव्या मजल्यावर वामनराव खिडकीतून दुसऱ्या आठव्या मजल्याकडे बघत बसले आणि दोन्ही वेळा चार दिवसांत परत आले. शेवटी बापलेकीत असं ठरलं, की वर्ग चालला तर दिग्रस, नाही चालला तर जूनमध्ये घर बंद करून नागपूर. आभाला वाटलं, बाबा वाटेवर आले. बाबांना वाटलं, दहा पोरं तर कुठंही मिळतात.

पहिला सल्ला शेजारचे मारोतराव घेऊन आले. मारोतराव एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे कोणती गाडी भरते आणि कोणती रिकामी जाते हे त्यांना बघताक्षणी समजतं. फ्रेजची गाडी रिकामी जाणार, असं त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. लोकांना बोलायचं इंग्रजी पाहिजे, तुम्ही पाटीवर तेच लिहा, आणि पोरं आत बसली की मग काय ती फ्रेज काढा. ही फसवणूक झाली, असं वामनराव म्हणाले. मारोतराव म्हणाले की क्लास म्हणजे तेच असतं. शिवाय फुकट ठेवू नका, फुकट म्हटलं की दिग्रसचा माणूस आधी मागं सरकून बघतो, की ह्यात गोम काय आहे. वामनरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. विद्या विकायची असती तर आत्तापर्यंत माडी बांधली असती, असं ते म्हणाले. माडी बांधण्याजोगं गिऱ्हाईक फ्रेजला कधीच नव्हतं, हे मारोतरावांनी मोठ्या मनानं पोटात ठेवलं.

दुसरा अडथळा खेमसिंग राठोड. हे कॉलनीच्या सोसायटीचे सचिव, आणि नोकरीत असल्यापासून त्यांना कशालाही हो म्हणण्याआधी अर्ज लागतो. राहत्या घरात वर्ग म्हणजे वापरात बदल झाला, उद्या कोणी तक्रार केली तर सोसायटी अडचणीत येईल, तेव्हा सरांनी परवानगी आणावी. कोणाची, ते खेमसिंगना माहीत नव्हतं. पण परवानगी असलेली बरी, एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

म्हणून वामनराव भर उन्हात, डोक्याला उपरणं गुंडाळून, एका कचेरीत गेले. कोणत्या ते विचारू नका. तिथल्या बाबूनं अर्ज वाचला, उलटा करून पाठीमागंही बघितलं, आणि विचारलं की फी किती. फी नाही म्हटल्यावर तो अडचणीत आला. फी घेत असाल तर त्याची वेगळी रीत आहे, धंदा म्हणून नोंद करता येते. फी घेत नसाल तर समाजकार्य झालं, आणि समाजकार्य एकट्या माणसाला करता येत नाही, त्याला संस्था लागते, अध्यक्ष लागतो, कोषाध्यक्ष लागतो. कोषच नाही तर कोषाध्यक्ष कशाला, असं सरांनी विचारलं. बाबूनं तो प्रश्न फार मनावर घेतला नाही. त्यानं सरांकडे निरखून बघितलं, त्याचा चेहरा उजळला, आणि तो म्हणाला, "सर, तुम्ही आमाले भूगोल शिकवत होते ना?"

वामनरावांना तोंडात मारल्यासारखं झालं. पण विद्यार्थी तो विद्यार्थी. त्यानं खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि वाटही काढून दिली. कोणाच्या तरी स्मरणार्थ असलेल्या कार्यक्रमाला कोणी काही विचारत नाही, असं तो म्हणाला. पाणपोई घाला, वह्या वाटा, वर्ग घ्या, वरती फक्त स्मरणार्थ लिहा. घरात कोणी वारलं आहे का, असं त्यानं अगदी कामकाजाच्या सुरात विचारलं.

हो, असं वामनराव म्हणाले. त्यांनी समोरचं पाणी पिऊन टाकलं.

घरी येताना त्यांना फार ओशाळं वाटलं. बाईंना इंग्रजीचं वावडं होतं. फ्रेज हा शब्द काढला की त्या कणीक मळायला आत जात. आणि त्यांचंच नाव पुढं करून आपण कचेरीतून सुटलो. पण नाव काढावं तर पुन्हा परवानगी लागते, ती मिळाली नाही तर नागपूर.

मग पाटीच्या जागी फ्लेक्स आला, कारण पाटी रंगवणारा आता दिग्रसमध्ये उरला नाही. फ्लेक्स करणारा आसिम हाही सरांचाच विद्यार्थी, आणि कामाचा चोख. सरांनी मजकूर दिला तो असा, की अक्षयतृतीयेला सकाळी दहा वाजता इंग्रजी फ्रेजच्या मोफत वर्गाचा आरंभ, आणि खाली बारीक अक्षरात रत्नप्रभाबाईंच्या स्मरणार्थ. अक्षयतृतीया त्यांनी निवडली ती साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून. आसिमनं मजकूर बघितला आणि त्याच्या हातानं वर्षानुवर्षं जे केलं होतं तेच केलं. स्मरणार्थ म्हटलं की फोटो, फोटो म्हटलं की तो मधोमध, भोवती मंद पिवळं तेज, वर ढगात ज्योत. नाव ठळक, तिथी ठळक, वेळ ठळक. वर्गाचा मजकूर शेवटी बसेना, तो त्यानं पार तळाशी एका ओळीत आवळून घातला, आणि फ्लेक्स खांबाला बांधताना ती ओळ दोरीखाली गेली. सरांनी तक्रार केली तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, की काकूचा फोटो लहान करायला त्याचा हात धजत नाही. यावर काय बोलणार? वामनराव फ्लेक्सखाली उभे राहिले. बाई वरून मंद हसत होत्या, जसं काही ह्या सगळ्यात आपला हात नाही.

नाव नोंदवायला कोणी आलं नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला, एकाही बापानं विचारलं नाही. मात्र गावाची वागणूक बदलली, हे सरांच्या लक्षात आलं. रस्त्यानं जाताना लोक थांबून मान लववू लागले. किराणावाल्यानं स्वतः पिशवी सायकलला अडकवून दिली. मारोतरावांनी तर विचारलं, की त्या दिवशी सतरंजी पुरेल ना, का आमच्या घरची आणू. वामनरावांना भरून आलं. समाजाला उशिरा का होईना, पण व्याकरणाची किंमत कळते, असं त्यांनी त्या संध्याकाळी आभाला फोनवर सांगितलं. आभा म्हणाली, जेवलात का.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे घरात माणूस गेलं, की त्यानंतरच्या पहिल्या सणाला त्या घरी चूल गोडाची पेटत नाही. शेजारपाजारचे लोक घरून डबे घेऊन येतात, मुकाट बसतात, आणि घरच्या माणसाला आपल्या हातानं गोडाचा घास देतात. तो घास खाल्ला की मग त्या घरानं पुढचे सण करायचे. आणि तिथं बसायची रीत अशी, की दुःखातलं माणूस जे बोलेल ते ऐकून घ्यायचं, त्याला तोडायचं नाही, आणि ते उठेपर्यंत आपण उठायचं नाही. हे वामनरावांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण कोणाच्या घरी कोणत्या सणाला जायचं, हे सगळं खातं रत्नप्रभाबाईंचं. त्या डबा भरत, "मी येते जाऊन" म्हणत, आणि सर पेपरामागून हुंकार देत. होळी-पाडव्याला सर नागपुरात होते, म्हणून पहिला सण पडला तो अक्षयतृतीयेचा. गावानं फ्लेक्सवर नाव, तिथी, वेळ वाचली. कधी जायचं ते सरांनी स्वतःच कळवलं, फार बरं केलं, असं सगळ्यांना वाटलं.

अक्षयतृतीयेच्या सकाळी वामनरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बैठकीत फळा टांगला, कुलरमध्ये पाणी भरलं आणि दार उघडून ठेवलं. दहाला अजून अवकाश होता. कोणी येणार नाही, हे त्यांच्या मनानं घेतलंच होतं. आणि गेटची कडी वाजली. मारोतराव सतरंजी घेऊन आले. मागोमाग खेमसिंग आणि त्यांची बायको. मग आसिम, किराणावाला, कचेरीतला तो बाबूसुद्धा. पंपाच्या जळलेल्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या कय्युमभाईंची बायको रौशनबी पदर डोक्यावर घेऊन आली. पुरुष बैठकीत बसले, बाया मधल्या दारात आणि आत. बैठक भरली, ओसरी भरली, दारात चपलांचा ढीग झाला. सगळ्यांच्या अंगावर साधे पांढरे-फिके कपडे. हातातले डबे बायांनी न बोलता स्वयंपाकघरात नेऊन ठेवले. पोर एकही नव्हतं, सगळे पालकच होते. वामनरावांनी त्याचा असा अर्थ लावला, की आधी पालक बघून जातील, मग पोरांना पाठवतील. चोखंदळ गाव आहे.

आणि शांतता तर अशी, की उभ्या नोकरीत त्यांना असा वर्ग मिळाला नव्हता. सगळ्यांच्या माना खाली. सरांचं काळीज सुपाएवढं झालं. त्यांनी खडू उचलला आणि सुरुवात केली.

पहिल्यांदा मारोतरावांनी खेमसिंगकडे बघितलं, खेमसिंगनी आसिमकडे. मग तिघांनीही माना खाली घातल्या. दुःखात माणूस काहीही बोलतो, कोणी देवाला शिव्या देतं, कोणी शेतीच्या बांधाचं बोलतं. सर फ्रेज बोलत होते. बोलू द्यावं. वामनराव नाउन फ्रेजवरून ॲडजेक्टिव्ह फ्रेजवर गेले, तसा आतून कोणाच्या तरी मुसमुसण्याचा आवाज आला. शिकवणं इतकं लागतंय हे बघून ते आणखी रंगात आले. कुलर घरघरत होता, घामानं शर्ट पाठीला चिकटला होता, आणि भरल्या घरात ते हात वर करून बोलत होते. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी खडू पुढं केला आणि म्हणाले, आता तुम्ही उदाहरणं द्या. कुठं, केव्हा, कसं सांगणारी, म्हणजे ॲडव्हर्ब फ्रेज.

सरांचा हात तसाच पुढं. शेवटी मारोतरावांना तो हात बघवेना. आपल्याला येतं तेवढं इंग्रजी गोळा करून ते हळूच म्हणाले, "इन द किचन."

"उत्तम," असं म्हणून सरांनी ते फळ्यावर लिहिलं. सरांना हे चालतंय, म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला. कोणी म्हणालं नियर द टॅप, कोणी बिहाइंड द टेम्पल. किराणावाला म्हणाला, ऑन द टेरेस, विथ पापड. आसिम म्हणाला, विथ अ ग्लास ऑफ बटरमिल्क. खेमसिंग बराच वेळ जुळवत होते, मग एकदम म्हणाले, इन माय हाउस, ॲट द टाइम ऑफ डिलिव्हरी, आणि त्यांच्या बायकोनं तोंडाला पदर लावला. फळा भरला. एकही चूक नव्हती. वामनराव दोन पावलं मागं सरकून समाधानानं फळ्याकडे बघत राहिले.

तेव्हा मधल्या दारातून रौशनबी बोलली. ती उर्दू शाळेत सातवीपर्यंत गेलेली, इंग्रजीचं एक अक्षर तिला येत नाही. फळ्यावर लोकांनी इतकं काय सांगितलं, ते तिला समजून घ्यायचं होतं.

"सर, हे काय लिवलं जी? वाचून सांगा ना."

सरांना असा प्रश्न फार आवडतो. त्यांनी छडी घेतली आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. स्वयंपाकघरात. नळाजवळ. देवळामागं. गच्चीवर, पापड घेऊन. ताकाचा पेला घेऊन. माझ्या घरी, बाळंतपणाच्या वेळी.

"हे तं समजलं," रौशनबी म्हणाली. "पन कोन जी, सर?"

वामनराव उत्तर द्यायला वळले. फ्रेजमध्ये 'कोण' नसतं, तो वाक्याचा भाग, हे त्यांच्या अगदी जिभेवर होतं. त्यांनी बैठकीकडे बघितलं. पांढरे कपडे बघितले. आत ओट्यावर लागलेले डबे बघितले. आणि परत फळ्याकडे बघितलं, तर रत्नप्रभा प्रत्येक ओळीत होती. नळावर होती, गच्चीवर होती, खेमसिंगच्या घरी रात्रभर बसली होती, भर उन्हात फ्लेक्सवाल्या पोराला ताक देत होती. आणि हे सगळं त्यांच्या स्वतःच्या अक्षरात.

छडी कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना. मग ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही माझ्याकडं आलात."

मारोतराव उठून जवळ आले. "खोटं कायले बोलू, सर," ते म्हणाले. "काकूसाठी आलो. आज पयला सन हाय तिचा."

वामनराव सतरंजीवर खाली बसले. खेमसिंगच्या बायकोनं ताट आणलं, पुरणपोळी आणि आंब्याचा रस. मारोतरावांनी घास केला आणि सरांच्या तोंडापुढं धरला. सरांनी तोंड उघडलं. घास तोंडात तसाच राहिला, गिळवेना, आणि सगळ्यांदेखत ते लहान पोरासारखे रडले. रस हनुवटीवरून इस्त्रीच्या शर्टावर सांडला. कोणी गप्प राहा म्हटलं नाही. सगळे बसून राहिले, कारण सर उठल्याशिवाय उठायचं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा सर उठले. मग एकेक जण उठला. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत, नुसतं उठून जायचं असतं. तसे सगळे गेले. कोणी सरांच्या खांद्यावर हात ठेवला, कोणी नुसती मान हलवली. चपलांचा ढीग उतरत उतरत गेला. वामनराव दारात उभे होते. आता सगळं उरकलं, ह्या लोकांचं काकूकडचं येणंही संपलं, जूनमध्ये आभाला काय सांगायचं ते ठरलं, असं त्यांच्या मनात येत होतं.

शेवटी रौशनबी निघाली. गेटपाशी जाऊन ती थांबली आणि मागं वळली.

"अर्धंच राह्यलं जी सर ते," ती म्हणाली. "उद्या येते."

मारोतराव गेटबाहेर जागच्या जागी थबकले. अशा घरातून असं म्हणायचं नसतं हे हिला कोणी शिकवलं नाही का, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रौशनबीला ते ठाऊक होतं. ह्याच कॉलनीत तिचा जन्म गेला होता. ती सरांकडे बघत उभी राहिली.

वामनरावांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"दहाला या," ते म्हणाले. "उशीर झालेला मला चालत नाही."